स्प्रँगमध्ये जाळीचं भोक पाडताना धागे चुकतात

धागावेडी: स्प्रँग, म्हणजे आडवा धागा न घालता ताणलेले उभे धागेच एकमेकांत गुंफायची वीण, शिकतेय. चौकटीवर ४० धाग्यांचा ताणा लावलाय, २० पुढे, २० मागे. साधी वीण आता हाताला बसली आहे. एका ओळीत कडेला दोन मागचे वर, एक पुढचा खाली आणि मग एकास एक. दुसऱ्या ओळीत सगळं एकास एक. मला बर्फीच्या आकाराची जाळी हवी आहे. भोक हवं तिथे दोन धागे न गुंफता तसेच सोडले, तर पुढच्या ओळीत दोन्ही शेजारी पुढेच येऊन बसले! तीन संध्याकाळी नुसती उसवतेय. कुठे चुकतंय?

पीळदार: ताई, धागा सोडायचा नसतोच. प्रत्येक ओळीत पुढचा मागे आणि मागचा पुढे गेलाच पाहिजे, नाहीतर गणित कोलमडतं. भोक म्हणजे एका ओळीपुरती चीर. त्या जागी पट्टा संपला असं समजा आणि तिथेच नवा सुरू करा. उजवीकडून विणत याल, भोकाशी एक मागचा वर आणि दोन पुढचे खाली, म्हणजे कडेला ओळ संपवता तसं. लगेच दोन मागचे वर, एक पुढचा खाली. तीन वर, तीन खाली, हिशेब जुळला. हे फक्त कडेला दोन उचलतो त्याच ओळीत करायचं. मधली एकास एकची ओळ तशीच राहू द्या. पुढच्या वेळी भोक एका जोडीने सरकवलं की तिरकी रेघ उमटते. अशा चार रेघांची बर्फी.

जुनी वीण: यात एक भर. वरच्या टोकाला जे विणता ते खालच्या टोकाला आपोआप उलटं उमटतं, पाण्यातल्या प्रतिबिंबासारखं. मी एकदा फार हौसेने पान काढलं, खालचं पान देठ वर करून बसलं होतं. बर्फीला तो धोका नाही. चौकडीच्या कागदावर अर्धीच नक्षी काढा, दोन्ही अर्धी मध्यावर भेटतील. तिथे आडवा धागा ओवून बंद केल्याशिवाय ओळी धरून ठेवणाऱ्या काठ्या काढू नका, सगळा पीळ सुटतो. दर चार ओळींनी दुसऱ्या रंगाचा दोरा ओवून ठेवला, तर उसवणं तिथपर्यंतच थांबतं. आणि वीण वाढते तसा ताणा आखडतो, चौकट थोडी थोडी सैल करत जा. डेन्मार्कमधल्या बोरूम एसहोयच्या कांस्ययुगीन थडग्यातली केसांची जाळी याच विणीची आहे. तिचा फोटो मी कितीदा तरी मोठा करून पाहिलाय.

धागावेडी: जमलं! पहिली बर्फी आली, नऊ भोकांची. मोजत होते: "एक वर, दोन खाली, दोन वर, एक खाली", घरातल्यांनाही पाठ झालंय. पण चौकट सैल केल्यावर भोकं मिटल्यासारखी दिसली, पोटात गोळाच आला.

पीळदार: घाबरू नका. दोन्ही कडा धरून आडवी ताणा.

धागावेडी: ताणली. उघडली सगळी!