वृद्धाश्रमात गेल्यापासून आत्याने भजनं लिहिणं सोडलंय, काय करता येईल?

नगरची_भाची

जय ख्रिस्त सगळ्यांना. विषय घरातला आहे पण इथे बरेच जण चर्चच्या कामात आहेत म्हणून विचारतेय. माझी आत्या ७९ वर्षांची, लग्न केलं नाही, आयुष्यभर मिशनच्या शाळेत मराठी शिकवलं आणि भजनं लिहिली. आमच्या मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) नाताळ असो, उपकारस्तुतीचा सण असो, कोणाचं लग्न असो, आत्याचं एक तरी पद असायचंच. छापून वगैरे काही आलं नाही, वहीतून वहीत उतरवून लोक म्हणायचे.

गुडघे गेले आणि डोळ्यांनीही त्रास द्यायला सुरुवात केली तशी ती स्वतःहून एका ख्रिस्ती वृद्धाश्रमात राहायला गेली. जागा चांगली आहे, स्वच्छता आहे, जेवण वेळेवर, सकाळ-संध्याकाळ प्रार्थना, रविवारी पाळक (चर्चचे धर्मगुरू) येऊन उपासना घेतात, तक्रार करावी असं काहीच नाही. पण लिहिणं पूर्ण बंद झालंय. विचारलं की म्हणते आता प्रार्थनेचे दिवस आहेत गं, लिहायचं कोणासाठी. मी कमिटीतल्या एकांशी बोलले तर ते म्हणाले आम्ही ॲक्टिव्हिटी घेतो ना, हाऊजी असते, चित्रं रंगवायला देतो. ती चित्रं म्हणजे लहान मुलांच्या पुस्तकातली ससा आणि फुगा. पन्नास वर्षं पदं रचलेल्या बाईला ससा रंगवायला द्यायचा हे मला बघवत नाही.

कोणाच्या ओळखीच्या वृद्धाश्रमात असं काही चालतं का ज्यात श्रद्धा आणि कला दोन्ही एकत्र येतात? आणि आत्याला पुन्हा लिहितं कसं करू?

पाळकबाई_सोलापूर

ताई, सलाम. आत्याबाईंचं "आता प्रार्थनेचे दिवस" हे वाक्य मी खूप आजी-आजोबांकडून ऐकलंय आणि मला ते मनापासून खटकतं, कारण आपल्याकडे नकळत अशी शिकवण झालीये की म्हातारपणी माणसाने फक्त प्रार्थना करायची आणि देवघरी जायची वाट बघायची. पवित्र शास्त्रात असं कुठे आहे? बायबलच्या निर्गम या पुस्तकात बसालेल नावाच्या कारागिराची गोष्ट वाचा, देवाने त्याला आपल्या आत्म्याने भरलं ते कशासाठी, तर सोन्या-चांदीचं, लाकडाचं, विणकामाचं कसबी काम करण्यासाठी. त्याच भागात बायकांनी आपल्या हातांनी निळं-जांभळं सूत कातून आणलं असंही लिहिलंय. म्हणजे हाताचं काम हीच त्यांची अर्पणं होती. आणि स्तोत्र ९२ तर स्पष्टच म्हणतं की नीतिमान माणूस म्हातारपणातही फळ देत राहतो.

लक्ष्मीबाई टिळकांचं उदाहरण आत्याबाईंना जरूर द्या, त्या तर नगरच्याच वाटतात आपल्याला. त्यांचे पती, कवी रेव्हरंड टिळक १९१९ ला गेले तेव्हा त्यांच्या ख्रिस्तायन या महाकाव्याचे दहा-अकराच अध्याय झाले होते, पुढचे ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. त्यांचं आत्मचरित्र स्मृतिचित्रे छापून यायला लागलं १९३४ ला, तेव्हा त्यांची पासष्टी उलटून गेलेली. ज्या बाईला लग्नाआधी लिहिता-वाचताही येत नव्हतं तिने हे सगळं उतारवयात केलं, आणि त्या काही प्रार्थना सोडून लिहायला बसल्या नव्हत्या.

वसईकर_मायकल

आमच्याकडे वसईत सांगतो. पॅरिशमधल्या एका सिस्टरांनी वृद्धाश्रमातल्या बायकांकडून लग्नगीतं गाऊन घ्यायला सुरुवात केली, आमच्या सामवेदी बोलीतली, जी आता लग्नात डीजे आल्यापासून कोणी म्हणत नाही. सुरुवातीला बायका लाजल्या, मिस्साच्या (उपासनेच्या) चॅपलमध्ये कसली लग्नाची गाणी म्हणाल्या. सिस्टर म्हणाल्या लग्न हा साक्रामेंत, म्हणजे पवित्र संस्कार आहे की नाही, मग गाणी का नकोत? झालं, मग थांबेनात. एकीने सुरू केलं की दुसरी कडवं पुरवते, तिसरी म्हणते आमच्या गावात हे असं नव्हतं, भांडणंही होतात त्यावरून आणि तीच तर मजा आहे. आता तरुण मुलं रविवारी येऊन मोबाईलवर रेकॉर्ड करतात.

त्यात एक आजी आहेत, विसरण्याचा आजार आहे, मुलगा आला तरी ओळखत नाहीत. पण गाणं सुरू झालं की पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत एक शब्द चुकत नाही, मध्येच टाळी देऊन पुढच्या बाईला हळू म्हणते म्हणून दटावतात. डॉक्टर म्हणाले जुनी गाणी मेंदूत बऱ्याचदा शेवटपर्यंत टिकतात. तो मुलगा आता मुद्दाम गाण्याच्या वेळेला येतो कारण तेवढा वेळ त्याला त्याची आई भेटते.

आणि पाळकबाईंनी लक्ष्मीबाईंचं सांगितलं त्यात आमचेही एक जोडतो. फादर स्टीफन्स १५७९ ला गोव्यात आले, जन्माने इंग्रज, आणि त्यांचं ओवीबद्ध ख्रिस्तपुराण छापलं गेलं १६१६ ला, तेव्हा त्यांचंही वय पासष्टच्या पुढेच होतं. जवळजवळ अकरा हजार ओव्या, त्याही परक्या भाषेत!!

निवृत्त_मेट्रन

मी थोडं वेगळं बोलणार आहे, राग मानू नका. मी बरीच वर्षं वृद्धाश्रमात काम केलंय. प्रत्येकाला काहीतरी करायला लावायचंच हा हट्ट धरू नका. काही माणसं आयुष्यभर राबून आलेली असतात आणि त्यांना खरंच शांत बसायचं असतं, खिडकीत बसून जपमाळ किंवा शास्त्र घेऊन, तोही त्यांचा हक्क आहे. नाताळ जवळ आला की बाहेरचे ग्रुप येतात, आजी गाणं म्हणा, आजोबा नाचा, ब्लँकेट द्यायचं, फोटो काढायचा आणि अर्ध्या तासात गाडीत बसून जायचं. आमच्या एका आजोबांना सांताची टोपी घातली होती जबरदस्तीने, ते आयुष्यभर मंडळीचे वडील (एल्डर) म्हणून चर्चची जबाबदारी सांभाळलेले गृहस्थ, त्यांचा चेहरा मी विसरले नाहीये. कलेच्या नावाखाली असलं काही होणार असेल तर नको.

पण ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी नीट सोय करा, आणि सोय म्हणजे बारीक गोष्टी. आमच्याकडे गोधडीचं काम सुरू केलं तेव्हा पहिले काही दिवस कोणी शिवेना, आम्हाला वाटलं इंटरेस्ट नाही. नंतर कळलं सुईत दोराच ओवता येत नव्हता आणि दर वेळी कोणाला तरी हाक मारायची लाज वाटत होती. मग आमची एक मुलगी सकाळीच मोठ्या नेढ्याच्या वीसेक सुया दोरा घालून उशीला टोचून ठेवायला लागली. जमिनीवर बसवत नाही म्हणून जेवणाचं टेबल वापरलं, चारही बाजूंनी बायका खुर्च्यांवर, मधे जुन्या साड्यांचे थर, धावदोरा चालू. वेळ चारच्या चहानंतरची, दुपारी जेवणानंतर बोलावलं तर सगळ्या पेंगतात. त्या गोधड्या मंडळीत ज्या घरी बाळ जन्मेल तिथे जायच्या आणि शिवताना त्या बाळासाठी, त्याच्या आईसाठी प्रार्थना करायच्या नावं घेऊन. त्यांना कोणी ॲक्टिव्हिटी म्हटलेलं आवडायचं नाही, काम म्हणायच्या.

नगरची_भाची

मेट्रन मावशी, राग कसला, उलट डोळ्यात पाणी आलं ते आजोबांचं वाचून. सुयांचं वाचून मला आत्याच्या डोळ्यांचं लक्षात आलं, ती सांगत नाही पण बारीक रेघांच्या वहीत तिला दिसतच नसणार. कदाचित लिहायचं कोणासाठी हे अर्धंच कारण असेल.

पाळकबाई_सोलापूर

ताई तेच लिहायला परत आले होते. मोठ्या रेघांची वही आणि जाड काळं स्केचपेन द्या, निळं नको, काळं ठळक दिसतं. मोतीबिंदू आहे का तेही एकदा तपासून घ्या, बऱ्याच जणांचं तेवढ्याने निभावतं. नाहीतर तरुण संघातली एखादी मुलगी आठवड्यातून एकदा लिहून घ्यायला बसवा, आत्याबाई बोलतील ती उतरवेल, मुलीचं मराठीही सुधारेल.

पण "कोणासाठी" हे मात्र विसरू नका, ते जास्त मोठं आहे. तुम्हीच लिहिलंय की आत्याबाई सणाला, लग्नाला पद करायच्या, म्हणजे कोणीतरी येऊन मागायचं. आश्रमात गेल्यापासून कोणी मागितलंय का त्यांच्याकडे? आपण फळं नेतो, बिस्किटं नेतो, औषधं नेतो, सगळं देतो आणि मागत काहीच नाही. तुम्ही मंडळीतर्फे रीतसर मागणी करा, अमुक तारखेला अमुक प्रसंग आहे, पद हवंय. आणि ते उपासनेत म्हटलं गेलं पाहिजे, नुसतं वहीत राहायला नको. आमच्याकडे महिन्यातल्या एका रविवारी आश्रमातल्या कोणाचं तरी पद, साक्ष किंवा प्रार्थना उपासनेत घेतात, पाळकसाहेब आधी वाचून घेतात, कुठे शब्द अडला तर त्यांच्याशी बसून बोलतात, परस्पर बदलत नाहीत.

वसईकर_मायकल

+१. केडगावचं मुक्ति मिशन आठवा, पंडिता रमाबाईंनी बायबलचं अख्खं भाषांतर तिथे केलं आणि अक्षरांचे खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचं काम तिथल्याच बायकांनी केलं. त्याच कॅम्पसमध्ये अंध बायकांसाठी बार्तिमी सदन होतं, त्यांनाही ब्रेल आणि हातकाम शिकवलं. रमाबाई स्वतः शेवटपर्यंत प्रुफं तपासत होत्या, १९२२ ला गेल्या. तिथे कोणाला वेळ घालवायला काही दिलं नव्हतं, प्रत्येकीच्या हातचं काम खरंच लागत होतं.

नगरची_भाची

अपडेट देते. माझ्या चुलतभावाच्या मुलीचा बाप्तिस्मा आहे पुढच्या महिन्यात, पाळकसाहेबांना विचारून मी आत्याला फोन केला आणि पाळकबाई म्हणाल्या तसं रीतसर मागितलं, की बाप्तिस्म्यासाठी नवीन पद हवंय, मंडळी म्हणणार आहे. दोन मिनिटं काहीच बोलली नाही. मग म्हणाली बाळाचं नाव काय ठेवताय ते आधी सांगा, नाव पदात बसलं पाहिजे, आणि चाल अभंगाची घेऊ का साकीची, पेटीला कोण बसणार, तो मागचा मुलगा असेल तर अवघड चाल नको. एवढे प्रश्न विचारले की मला कागद घ्यावा लागला! वही आणि पेनं उद्या घेऊन जातेय, डोळ्यांच्या डॉक्टरांचीही वेळ घेतलीये. आश्रमातल्या अजून दोघी-तिघींना म्हणायला घेईन असंही तीच म्हणाली.

निवृत्त_मेट्रन

देवाची स्तुती असो. एक सांगते, आश्रमातल्या बायका म्हणणार असतील तर पेटीवाल्याला आत्ताच सांगून ठेवा की पट्टी खाली घे. तरुणपणी पेटीच्या काळी चार पट्टीला म्हणणाऱ्या बायकांचा आवाज या वयात खाली उतरतो, काळी एकला सुद्धा काहींना वर वाटतं. आणि लय सावकाश ठेवायची, ओळीच्या मध्ये श्वासाला जागा हवी. एकदा आश्रमात जाऊन त्यांच्यासोबत सराव केला त्याने तर उत्तम. बाप्तिस्म्याच्या दिवशी त्यांना न्यायला गाडी कोण आणणार तेही आधी ठरवा, व्हीलचेअर मावेल अशी, आणि चर्चमध्ये पहिल्या दोन ओळी मोकळ्या ठेवायला सांगा.