मदत हवी आहे: झोडग्याच्या घराचं धाबं, वरचा कोबा काढू की थेट स्लॅब टाकू?

नमस्कार मंडळी,

राहायला नाशिकला, मूळ घर झोडग्याचं (ता. मालेगाव). पणजोबांनी बांधलेलं, दहा खणांचं (खण म्हणजे दोन तुळयांमधला गाळा). जोतं काळ्या दगडाचं, भिंती कमरेपर्यंत दगडाच्या आणि वर पांढऱ्या मातीच्या, दोन हात रुंद. ओसरी, माजघर, मागे छोटा चौक. वर मातीचं धाबं, म्हणजे लाकडांवर माती थापलेलं सपाट छप्पर. ओसरीवरून माणकेश्वर मंदिराचं शिखर दिसतं. (बाराव्या शतकातलं, भूमिज शैलीतलं. आग्रा रोडने धुळ्याला जाणारे रोज बघतात, उतरत कोणी नाही.)

तर अडचण अशी. दरवर्षी मृगाआधी धाब्यावर माती घालायची कटकट नको म्हणून काकांनी २००९ साली वर तीन इंची सिमेंटचा कोबा करून घेतला. पहिली दोन-तीन वर्षं बरी गेली. मग गळायला लागलं. डांबर ओतलं, वॉटरप्रूफिंगचा रंग मारला, ताडपत्री झाली. यंदा माजघरातली एक तुळई (छप्पर पेलणारं जाड आडवं लाकूड) भिंतीपाशी चक्क वाकलेली दिसली. आई म्हणते, "माझ्या सासूच्या वेळेला हे घर गळत नव्हतं." ठेकेदार म्हणतो, माती आता मेली, सगळं उतरवा, भिंती पाडा, आरसीसीत दोन महिन्यांत उभं करून देतो.

माझे प्रश्न: १) चूक मातीची की कोब्याची? २) मंदिर संरक्षित आहे. फोनवरच्या नकाशावर कुंपणापासून घर साधारण २२० मीटर भरतं. ठेकेदार म्हणतो, शंभराच्या बाहेर आहे, कोणी विचारत नाही. खरं का?

प्रतिसाद १

दादा, आधी तुळईखाली टेकू लावा, बाकीचं नंतर वाचा.

लावलात? आता ऐका. धाबं हे हलणारं छप्पर आहे. तुळया, त्यावर सरे म्हणजे बारीक आडवी लाकडं, सऱ्यांवर किलचण म्हणजे लाकडाच्या चिपांचा थर, त्यावर पाला आणि मग वीतभर माती. उन्हाने लाकूड थोडं सरकतं, मातीला भेगा पडतात, आणि पहिल्या पावसात तीच माती फुगून भेगा बुजवते. उतार पन्हळीकडे असला की बाकीचं पाणी निघून जातं. कोब्याला हे जमत नाही. तो तडकला की तडकलाच. केसाएवढ्या भेगेतून पाणी आत जातं, पण वरून झाकण असल्यामुळे ते सुकून बाहेर येत नाही. मग माती बारा महिने ओली राहते आणि भिंतीत रुतलेली लाकडाची टोकं कुजतात. तुमची तुळई भिंतीपाशीच वाकली, मध्यात नाही, यातच उत्तर आलं.

वजनही बघा. दहा बाय दहा फुटांच्या एका खणावर तीन इंची कोबा म्हणजे दीड टनाहून जास्त. तेवढं ओझं मातीच्या वर चढवलंय तुम्ही. डांबर आणि रंग वेगळे.

कोबा काढताना ब्रेकर मशीन अजिबात लावू नका, मातीच्या भिंती हादरतील. छन्नी-हातोडा, एका वेळी एकच खण, आणि राडारोडा धाब्यावर ढीग करून ठेवायचा नाही. लाकडाची टोकं टोच्याने तपासा. इंचभर सहज आत गेला तर तेवढा भाग गेला. मधलं लाकूड ठोकल्यावर खणखणीत वाजत असेल तर ते अजून तुमच्या नातवापर्यंत टिकेल. आतून भिंतीला सिमेंटचा गिलावा असेल तर तोही खरवडा, त्याचा गुन्हा तोच.

प्रतिसाद २

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. ठेकेदाराचं अर्धंच खरं आहे. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकाला प्राचीन स्मारक कायद्याच्या २०१० च्या दुरुस्तीप्रमाणे १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढे आणखी २०० मीटर नियंत्रित क्षेत्र. तुम्ही नियंत्रित क्षेत्रात येता. मोजायचं ते संरक्षित हद्दीपासून, त्यामुळे फोनच्या आकड्यावर विसंबू नका. नियंत्रित क्षेत्रात नवं बांधकाम काय, दुरुस्ती काय, सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज लागतो. परवानगीशिवाय केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. ही जोखीम नुसती ठेकेदाराची नाही, घरमालकाचीही आहे. अर्जाला प्रत्येक खोलीचे फोटो आणि साधा नकाशा जोडा. आहे त्या घराची दुरुस्ती आणि पाडून नवं बांधणं, हे अर्जात वेगवेगळं दिसलं पाहिजे.

आणि एक विनवणी. नवी माती लागली म्हणून गावाजवळच्या पांढरीच्या (जुन्या वस्तीच्या) टेकाडावर पोकलेन लावू नका. आपल्याकडे धाब्याला पांढरी माती तिथूनच आणायची पद्धत होती, मान्य. पण ती माती पांढरी असते कारण तिथे शेकडो वर्षं माणसं राहिली. नाशिकच्या मातीच्या गढीवर १९५०-५१ मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी खणलं तेव्हा अशाच ढिगाऱ्यातून जुनी वस्ती निघाली. तुमच्याच धाब्यावरची माती चाळून, चार दिवस भिजवून परत वापरता येते.

नाशिकहून जाताना वाटेत चांदवडला उतरून होळकरांचा रंगमहाल बघा. जुनं लाकूडकाम डोळ्याखालून गेलं की सुताराशी बोलताना फसायला होत नाही.

मूळ धागाकर्ता

दोघांचेही आभार. अर्जाची तयारी सुरू केली आहे. टेकू त्याच आठवड्यात लावले. रविवारी गावच्या एका म्हाताऱ्या गवंडीबाबांना घेऊन तपासणीपुरता हातभर कोबा उचकटला. पाऊस जाऊन दोन महिने झाले, तरी खालच्या मातीचा लाडू वळत होता! बाबा काही बोलले नाहीत, मुठीतली माती फक्त काकांच्या हातावर ठेवली. काका चहा प्यायला निघून गेले.

त्या खणातले सात सरे दिसले. दोघांची टोकं हातभर कुजलीत, बाकी पाच ठणठणीत. सुतार म्हणतो, दोन्ही पूर्ण बदला. गवंडीबाबा म्हणतात, कुजलेला भाग कापून जुन्याच सागाचा तुकडा सांधा, खाली भिंतीला लागून एक आडवी तुळई द्या. कोणाचं ऐकू? आणि लाकडाचं टोक परत भिंतीत घालताना भोवती हवेला जागा ठेवायची की मातीने गच्च भरायचं?

अनुभव असलेल्यांनी सांगावं, परवानगी हातात आली की पहिलं काम त्याच खणापासून.