मदत हवी आहे : शाळेच्या कॉम्प्युटरसाठी अर्थिंग

नमस्कार मंडळी. पुण्यातल्या एका ऑफिसने दिलेले १४ जुने कॉम्प्युटर अक्कलकोट तालुक्यातल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेसाठी आणलेत. सध्या माझ्या घरी, जुळे सोलापुरात आहेत.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ यांच्यावर चालत नाही, म्हणून लुबंटू ही जुन्या मशीनवर चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकतोय. १४ पैकी ११ कॉम्प्युटर सुरू झाले. तीन मशीन दर वेळी तारीख विसरतात, त्यांचे सीआर२०३२ सेल (आतले बटणासारखे छोटे सेल) मी बदलीन.

खरी अडचण शाळेतल्या विजेची. एक मशीन तिथे लावून बघितलं, तर कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या आल्या. अर्थिंग नसलं की एसएमपीएसमधल्या (कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यातल्या) फिल्टरमुळे पत्र्यावर करंट उतरतो. शेजारी तिसरीतली एक मुलगी की-बोर्डवर आपल्या नावाची अक्षरं शोधत होती, तिला लगेच बाजूला घेतलं. अर्थिंग नीट झाल्याशिवाय मी तिथे एकही मशीन लावणार नाही.

कोणी जाणकार वायरमन शाळेत येऊन बघेल का? येण्याजाण्याचा आणि सामानाचा खर्च मी देईन. जमीन खडकाळ आहे, खड्डा किती खोल लागेल? आणि की-बोर्डवर लावायचे मराठी अक्षरांचे स्टिकर सोलापुरात कुठे मिळतील?