डेटास्टोअर रिकामे, तरी थिन पूल भरलेलाच का दिसतो?

प्रश्न: अंधेरीतील आमच्या कार्यालयाच्या स्टोरेज ॲरेवर (अनेक डिस्कच्या सामायिक साठवण यंत्रणेवर) थिन प्रोव्हिजनिंगचे, म्हणजे प्रत्यक्ष लिहिले जाईल तेवढीच जागा सामायिक पूलमधून घेणारे, व्हॉल्यूम आहेत. जुनी व्हर्च्युअल मशीन्स डिलीट केल्यावर व्हीएमवेअरच्या डेटास्टोअरमध्ये (व्हर्च्युअल मशीनच्या फाइल ठेवण्याच्या ठिकाणी) जागा मोकळी दिसते, परंतु ॲरेच्या व्यवस्थापन सॉफ्टवेअरमध्ये पूल ९१ टक्के भरलेलाच दिसतो. काय करावे?

उत्तर: फाइल डिलीट झाल्याचे फक्त फाइल सिस्टिमला कळते, तिचे ब्लॉक (साठवणीतील जागेचे तुकडे) रिकामे झाले हे ॲरेला अनमॅप आदेशानेच समजते. डेटास्टोअरची फाइल सिस्टिम व्हीएमएफएस ६ असेल तर हे काम आपोआप होऊ शकते, व्हीएमएफएस ५ वर मात्र ते स्वतः चालवावे लागते, म्हणून आधी डेटास्टोअरची आवृत्ती पाहावी.

आणखी एक उत्तर: हे बरोबरच आहे, पण स्नॅपशॉटही (एखाद्या क्षणीचा डेटा जसाच्या तसा जपून ठेवणाऱ्या नोंदी) तपासा. ॲरेवरील जुन्या स्नॅपशॉटने धरून ठेवलेले ब्लॉक अनमॅपनंतरही सुटत नाहीत. आणि कळकळीने सांगतो, पूल पूर्ण भरला तर त्यावरील सर्वच व्हॉल्यूमचे लेखन अडकू शकते. त्यामुळे इशाऱ्याची मर्यादा ९० टक्क्यांच्या बरीच खाली ठेवा आणि त्या इशाऱ्याचा ईमेल रात्रपाळीच्या माणसापर्यंत खरोखर पोहोचतो का, हे आजच पाहा.

प्रश्नकर्ता: बॅकअपचे जुने स्नॅपशॉट सापडले. बॅकअप चमूकडून खात्री करून ते काढले. पूल हळूहळू उतरत आहे. मनःपूर्वक आभार.