कोयनेत हेळवाक ते पाटण कयाक: बंधारे आणि सुटणारं पाणी

संगम_कराड
नमस्कार मंडळी. आम्ही कराडचे पाच जण. संथ पाण्यात कयाक (एकट्यानं वल्हवायची अरुंद होडी) नीट चालवता येते, वाहत्या पाण्याची सवय कमी. पावसाळा सरल्यावर, कोयना धरणाच्या पायथा वीजगृहातून २१०० क्युसेक (सेकंदाला घनफूट) पाणी चालू असताना हेळवाकपासून पाटणकडे उतरायचं मनात आहे. सामान: पाच बंद कयाक (आत पाय घालून बसायच्या), लाइफ जॅकेट, सायकलची हेल्मेट, २० मीटर नायलॉनचा दोर. वाटेत कोल्हापुरी बंधाऱ्यावरून पाणी जेमतेम फूट-दोन फूट पडत असेल तर कयाक सरळ खाली घालता येईल का? आणि अजून काय तयारी हवी?

घाटमाथा
दादा, बंधाऱ्यावरून उतरायचं नाही. पाणी फूटभरच पडत असलं तरी नाही. वरच्या बाजूनं बघताना फेस दिसत नाही, नदी एका सरळ रेषेत संपल्यासारखी वाटते, आणि तिथंच माणूस फसतो. भिंतीवरून पडलेलं पाणी तळाशी जातं, थोडं पुढं उसळून वर येतं आणि वरचा थर उलटा भिंतीकडे फिरतो. खडकाळ धारेतला असा उलटा प्रवाह तुटक असतो, बाजूनं निसटता येतं. बंधारा मात्र या काठापासून त्या काठापर्यंत एकसारखा, निसटायला बाजूच नाही. माणूस भिंतीशी ओढला जातो, खाली जातो, पुढं वर येतो आणि परत ओढला जातो. त्या पाण्यात हवा इतकी मिसळलेली असते की जॅकेट नेहमीएवढं उचलत नाही, वल्ह्यालाही पकड मिळत नाही.

बरगे (खांबांमध्ये घालून पाणी अडवायच्या फळ्या) काढलेले असले तरी मोकळं समजू नका. दोन खांबांच्या गाळ्यात बाभळीची फांदी, उसाची पाचट, एखादा राहिलेला बरगा असतो. त्यातून पाणी जातं, माणूस अडकतो. पाइप टाकलेल्या फरशीचंही (नदीवरच्या बुटक्या पुलाचंही) तेच, तिथं तर पाणी खालूनच ओढतं. कराड-चिपळूण रस्ता बराचसा नदीला धरून जातो. आदल्या दिवशी गाडीनं जाऊन प्रत्येक बंधारा, फरशी, खाली लोंबणारी झाडं बघा आणि प्रत्येकाच्या वर निदान १५० मीटरवर काठाला लागायची खूण ठरवा: देऊळ, पंपघर, काहीही, पण पाण्यातून दिसणारं. तिथून कयाक उचलून चालत खाली.

आता २१०० चा हिशोब. वीजगृहाचं एक युनिट १०५० क्युसेक, दोन मिळून २१००, म्हणजे सेकंदाला जवळजवळ ६० घनमीटर. हा आकडा दिवसभर तोच राहील असं धरू नका. युनिट बंद झालं तर निम्म्यावर येतो, धरणाचे दरवाजे उचलले तर काही हजारांनी वाढतो. त्यात केरा, मोरणा या नद्या धरणाच्या खाली कोयनेला मिळतात, त्यांचं पाणी धरणाच्या पत्रकात नसतं. घाटात परतीचा पाऊस झाला की त्या तासाभरात फुगू शकतात. त्या दिवशीचा विसर्ग सकाळी निघताना विचारून घ्या. थांबाल तिथं पाण्याच्या कडेला दगड ठेवा. दगड बुडला, पाणी गढूळ झालं किंवा पाचोळा वाहून यायला लागला तर ताबडतोब काठ धरून वर चढा, सामान मागून.

वल्हेकरी
सामानाबद्दल. सायकलची हेल्मेट नको. तिचा फोम एका धडकेत चेपतो आणि कानशील, मानेची मागची बाजू उघडी राहते. पाणी निघून जाणारी, हनुवटीखाली घट्ट बसणारी कयाकची हेल्मेट घ्या.

जॅकेट घालून सगळे पट्टे आवळा आणि दुसऱ्याला दोन्ही खांद्यांना धरून वर ओढायला सांगा. ते हनुवटीवर सरकलं तर पाण्यात डोक्यावरून निघेल. किमान ५० न्यूटन (साधारण ५ किलो) उचल हवी, जोराच्या पाण्यात ७० बरी.

नायलॉन बुडतो, तो दोर ठेवून द्या. तरंगणारा पॉलिप्रोपिलीनचा, ८ ते १० मिलिमीटर जाडीचा, १५ ते २० मीटर, पिशवीत भरलेला लागतो. गुंडाळायचा नाही, पिशवीत नुसता कोंबत जायचं, म्हणजे फेकताना गुंता होत नाही. पाचांत निदान दोन पिशव्या. फेकणाऱ्यानं दोर अंगाला किंवा मनगटाला कधीच बांधू नये. अवघड जागेच्या खालच्या बाजूला उभं राहून आधी हाक मारायची, नजरेला नजर मिळाली की फेकायचं, दोर त्याच्या छातीवर आडवा पडला पाहिजे. मग बसकण मारून त्याला झोक्यासारखं काठाला येऊ द्यायचं.

स्प्रे स्कर्टची (कमरेभोवती बसून कयाकचं तोंड झाकणाऱ्या कापडाची) पुढची ओढायची दोरी बाहेरच आहे ना, हे निघताना प्रत्येकानं शेजाऱ्याची तपासा. ती आत दुमडली गेली तर उलटल्यावर कयाकमधून बाहेर पडता येत नाही.

संगम_कराड
बंधाऱ्यांचा विचार सोडला. एकच विचारतो: माणूस कयाकमधून बाहेर पडला आणि पाणी कमरेएवढंच असेल तर उभं राहून चालत काठाला यावं ना?

घाटमाथा
नाही. वाहत्या पाण्यात गुडघ्याच्या वर असेल तर उभं राहायचं नाही. पाय दोन दगडांच्या खाचेत अडकतो, मागून पाणी पाठीवर दाबतं आणि कमरेएवढ्या पाण्यात तोंड बुडतं. वेग दुप्पट झाला की हा जोर चौपट होतो. पाठीवर पडा, पाय पुढं आणि वर, बोटं पाण्याबाहेर, दगड तळव्यांनी ढकला. संथ जागा दिसली की पालथं होऊन जोरात पोहत काठाकडे. कयाक नेहमी तुमच्या खालच्या बाजूला असू द्या, पाण्यानं भरलेली कयाक दोनशे किलोच्या पुढं जाते. फक्त झाड आडवं असेल तेव्हा उलट करायचं: डोकं पुढं, जोरात त्याच्याच दिशेनं पोहायचं आणि छाती झाडावर टाकून वर चढायचं. पाय आधी गेले तर फांद्यांखाली ओढले जाल.

पाचांत एक सर्वांत पुढं, एक सर्वांत मागं, हे बदलायचं नाही. वल्हं आडवं म्हणजे थांबा, उभं म्हणजे या, तीन शिट्ट्या म्हणजे संकट. हे काठावरच ठरवून घ्या, धारेत ऐकू येत नाही.

कृष्णाकाठ_सांगली
आणखी दोन गोष्टी. बुडालेल्याला बाहेर काढल्यावर पोट दाबणं, उलटं लटकवणं, गरगर फिरवणं अजूनही गावोगाव चालतं. त्यात वेळ जातो आणि पोटातलं पाणी उलटून श्वासनलिकेत जातं. श्वास नसेल तर लगेच तोंडानं पाच श्वास द्या, मग छातीच्या मध्यावर ३० दाब आणि २ श्वास, असं मदत येईपर्यंत. एकानं लगेच १०८ ला फोन करावा. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यायचाच, त्रास काही तासांनी सुरू होऊ शकतो.

दुसरं, कयाक उलटल्यावर बाहेर पडायचा सराव कृष्णेत करू म्हणून इकडे खाली येऊ नका. भिलवडी, औदुंबर, डिग्रज या पट्ट्यात मगरी आहेत. सराव पोहण्याच्या तलावात करा, आणि दहापैकी दहा वेळा न घाबरता बाहेर पडता येईपर्यंत हेळवाकला जायचं नाही.