अ‍ॅबोरिजिनल मुलांना सर्कशीत करिअरपर्यंत कसं न्यायचं?

झोका:
मी मेलबर्नमध्ये एका छोट्या युथ सर्कशीत संध्याकाळी अ‍ॅक्रोबॅटिक्स शिकवते. आमच्याकडे अ‍ॅबोरिजिनल, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांची मुलं बरीच येतात आणि त्यातल्या दोघी तर इतक्या तयारीच्या आहेत की काय सांगू, एक जण खांद्यावर दोघींचा मनोरा पेलते आणि वरची डगमगली तरी हिची टाच मॅटवरून हलत नाही. पण सोळा-सतरा वर्षांची झाली की ही मुलं यायचीच बंद होतात, घरची जबाबदारी असते, पैसे नसतात आणि याच्यापुढे काय हे कुणी सांगितलेलंच नसतं. फंडिंग मिळतं ते दोन दिवसांच्या वर्कशॉपला, फोटो निघतात, झालं. यांना ऑडिशनपर्यंत आणि पुढे पगाराच्या कामापर्यंत न्यायचं तर काय करावं लागेल? कुणी जवळून बघितलंय का?

तंबूवाला:
आधी त्यांना कॉन कोलियानो दाखवा. १८९९ला लिझमोरला जन्मलेला माणूस, आईकडून अ‍ॅबोरिजिनल, तारेवर पुढच्या दिशेने कोलांटी मारून परत पायांवर उतरायचा. मागच्या दिशेने मारलेल्या कोलांटीपेक्षा ही अवघड, कारण उतरताना पाय टेकेपर्यंत तार दिसतच नाही. अमेरिकेतल्या रिंगलिंगच्या सर्कशीत स्टार होता, पण स्पॅनिश बुलफायटरच्या वेशात! त्याच्या घरच्यांनी तर हवाईयन म्हणूनही शो केले. तेव्हा अ‍ॅबोरिजिनल लोकांनी कुठे राहायचं, कुणाशी लग्न करायचं हे सरकार ठरवायचं, त्यामुळे ओळख लपवणं भागच होतं. आपण सर्कशीत पाहुणे नाही हे त्या मुलींना कळलं तर फार फरक पडेल.

रंगपट:
ताई, वर्कशॉपबद्दल अगदी खरंय. न्यू साउथ वेल्समधलं, मूळ रहिवासी तरुणांसाठीचं नैस्डा डान्स कॉलेज बघा, १९७०च्या दशकापासून चालू आहे, तिथे कंटेम्पररी टेक्निकसोबत समाजातली जाणती माणसं स्वतः नाच आणि गाणी शिकवतात, आणि बांगारा डान्स थिएटर या मूळ रहिवाशांच्या व्यावसायिक डान्स कंपनीमध्ये तिथून गेलेले कितीतरी डान्सर आहेत. म्हणजे शिकून झाल्यावर जायला जागा आहे, आणि ती जागा त्यांच्याच लोकांनी चालवलेली आहे. सर्कशीत हेच कमी पडतं. मेलबर्नच्या सर्कस ऑझ कंपनीने ब्लॅकफ्लिप नावाने मूळ रहिवासी कलाकारांसाठी चांगलं काम केलं होतं पण असं काम एकाच कंपनीच्या जिवावर ठेवून चालत नाही.

बाकी व्यवहाराचं सांगते. अ‍ॅबस्टडी म्हणजे मूळ रहिवासी विद्यार्थ्यांना सरकार देतं ते पैसे, ते नीट समजून घ्या, शिकायला घरापासून लांब राहावं लागलं तर जास्त भत्ता आणि प्रवासभाडं मिळू शकतं, फॉर्म भरायला शेजारी बसा. आणि हजेरीचे नियम! सॉरी बिझनेस म्हणजे घरात कुणी गेलं की सगळ्यांनी जमायचं, त्याला कधी कधी आठवडे लागतात, तेवढ्यावरून नाव कापलं तर ती मुलगी परत येणार नाही.

दूरचा_पाडा:
थोडं वेगळं मत आहे. सगळ्यांना शहरात आणणं हीच वाट कशाला? कॅनडात इग्लूलिकला, जिथे रस्ताच जात नाही, विमानाने जावं लागतं, तिथे १९९८ला आर्टसर्क नावाची सर्कस सुरू झाली. गावातल्या तरुणांच्या आत्महत्यांनी सगळे हादरले होते, त्यातून ती उभी राहिली. लहानपणी उन्हाळे तिथे काढलेला एक जण मॉन्ट्रियलला सर्कस शिकला आणि ते घेऊन परत गेला. त्यांच्या शोमध्ये इनुइट, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचा ढोल आहे, कंठगायन आहे, खेळ आहेत, आणि २०१०च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकच्या वेळी त्यांनी कार्यक्रम केले, सगळं आपल्या गावाचं नाव घेऊन.

झोका:
दूरचा_पाडा, पटलं, पण माझ्या दोघी मेलबर्नच्याच आहेत, त्यांना लांब जायचं नाहीये, त्यांना संध्याकाळच्या क्लासनंतरचा रस्ता हवाय.

रंगपट:
मग त्यांना आत्ताच लहान मुलांच्या क्लासला असिस्टंट म्हणून घ्या, पगार देऊन, फुकट अजिबात नाही. रिगिंग म्हणजे दोर-झोके टांगायचं काम आणि लाइट्सपण शिकवा, पुढे शरीर थकलं तरी काम राहतं. आणि कार्यक्रम कसा चालवायचा हे ठरवणाऱ्या कमिटीत त्यांच्या समाजातली दोन-तीन वडीलधारी माणसं पहिल्या मीटिंगपासून बसवा, त्यांनाही मानधन द्या, पुढच्या फंडिंगच्या अर्जात दोन्ही खर्च टाका.

झोका:
अर्ज लिहायला घेतलाय. एकीच्या आजीला उद्याच भेटते, आधी तिला काय वाटतं ते ऐकते.