मदत हवी आहे: पडवीत पोरांसाठी गेमचा कोपरा (चिऱ्याची भिंत, खारा वारा, झिणझिण्या)

पडवीवाला:
नमस्कार मंडळी. रत्नागिरीजवळ कुवारबावला चिऱ्याचं कौलारू घर. माजघरातल्या टीव्हीवर संध्याकाळी सात ते दहा आईच्या मालिका, त्यामुळे पोरांची (वय ९ आणि १४) गेमची सोय पडवीत करायची आहे. पडवी १२ बाय ७ फूट. बाहेरच्या बाजूला कमरेएवढी भिंत आणि वर लाकडी गज, दोन्ही टोकांना पूर्ण उंचीच्या आखूड भिंती. आगोटीच्या (पाऊस सुरू होण्याच्या) आत काम उरकायचं, म्हणजे हातात पाच आठवडे.

सामान: ४३ इंची टीव्ही (नऊ किलो), पुढे-मागे हलणाऱ्या हाताचा स्टँड (तीन किलो), वापरलेलं प्लेस्टेशन ४ स्लिम, दोन कंट्रोलर. घरात ९०० व्हीएचा साइन वेव्ह इन्व्हर्टर आणि १५० एएचची एक बॅटरी आहे.

अडचणी अशा. टीव्ही टोकाच्या आखूड भिंतीवर लावायचा विचार होता, पण ड्रिल मारलं की लाल चुरा पडतो आणि रावळ प्लग (स्क्रूसाठी भोकात बसवायची प्लास्टिकची गुल्ली) जागच्या जागी फिरतो. एचडीएमआयची वायर लावताना बोटांना झिणझिण्या येतात. लाइट जाऊन आली की कन्सोल सुरू होताना बराच वेळ स्टोरेज तपासत बसतं. सुतार म्हणतो साध्या प्लायचं, काचेच्या दारांचं बंद कपाट करू, म्हणजे धूळ नको नि मुंग्या नकोत. शिवाय धाकट्याला रोज एक तासाच्या वर खेळू द्यायचं नाही, ते कन्सोलमध्येच बसवता येतं का? कुठून सुरुवात करू?

चिरेखाण:
भिंतीपासून. टोकाची भिंत बाहेरून पाऊस खाते, ती विसरा. जांभा, म्हणजे चिऱ्याचा दगड, पाणी पितो, आणि आषाढात त्या भिंतीची आतली बाजूसुद्धा हाताला गार-ओली लागेल. पडवी आणि माजघर यांच्या मधल्या भिंतीवर टीव्ही घ्या. तिच्या दोन्ही बाजूंना छप्पर आहे, तीच घरातली सगळ्यांत कोरडी भिंत. दार-खिडकी सोडून सलग जागा किती मिळते ते आधी मोजा. ४३ इंची टीव्हीला रुंदीत सव्वातीन फूट लागतात.

प्लग फिरतो कारण ड्रिलचं हॅमर चालू होतं. जांभ्यात मुळातच पोकळ्या असतात. हॅमरने भोक आतून फुगतं, १० चं बिट घातलं तरी आत १४-१५ मिमी होतं. हॅमर बंद करून नुसतं फिरवा. आधी ६ चं बिट, मग ८ चं. १० च्या प्लगला ८ चंच भोक ठेवा आणि प्लग ठोकून बसवा. खोली किमान ८० मिमी, त्यात गिलाव्याची जाडी धरायची नाही. दोन चिऱ्यांच्या सांध्यात भोक अजिबात नको. जुन्या घरांत दर्जा (हे सांधे) मातीच्या किंवा चुन्याच्या असतात, तिथे काहीच पकडत नाही. गिलावा असेल तर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा, सांध्यावर आवाज बदलतो.

आता तो हलणारा स्टँड. टीव्ही आणि स्टँड मिळून बारा किलो. हात ४० सेंटिमीटर बाहेर ओढला आणि भिंतीवरच्या पट्टीची उंची २० सेंटिमीटर असली, तर वरचे बोल्ट २४ किलोच्या जोराने भिंतीतून बाहेर ओढले जातात. पोरगं त्याला लोंबकळलं तर वेगळंच. तोच टीव्ही भिंतीलगतच्या साध्या पट्टीवर, सहा सेंटिमीटरवर असेल, तर ही ओढ साडेतीन किलोच्या आसपास येते. जांभ्यावर साधी पट्टीच लावा, हलणारा स्टँड दुकानदार बदलून देतो का बघा.

पट्टीसुद्धा थेट भिंतीवर नको. १८ मिमीची मरीन प्लायची फळी घ्या, चार फूट बाय अडीच. ती आठ ठिकाणी भिंतीला धरा, शक्यतो प्रत्येक स्क्रू वेगळ्या चिऱ्यात. फळी आणि भिंत यांच्यात १० मिमीचे वायसर किंवा पाइपचे तुकडे घालून फट ठेवा, म्हणजे मागून हवा खेळते आणि फळीला बुरशी धरत नाही. टीव्हीची पट्टी मग फळीवर आरपार बोल्टने. बोल्टची मागची बाजू फळी चढवायच्या आधीच बसवून घ्यायची, हे हटकून विसरलं जातं.

एखादं भोक फारच फुगलं तर दोन उपाय. एक, जाळीच्या नळीसकट केमिकल अँकर (ट्यूबमधून भोकात भरायचं, घट्ट होणारं रसायन), ८ मिमीचा आटेदार रॉड. भोकातला चुरा फुंकून आणि ब्रशने पूर्ण काढायचा. दगड ओला असेल तर ट्यूबवर लिहिलेल्या वेळेच्या दुप्पट थांबायचं. दुसरा, जुन्या सुतारांचा: सागाची गिट्टी, आत रुंद आणि बाहेर अरुंद, सिमेंटमध्ये बसवलेली. तिला चार दिवस पाणी मारा आणि मगच स्क्रू पिळा. उलटी बसवली, म्हणजे रुंद तोंड बाहेर, की महिन्याभरात हातात येते.

फेज_न्यूट्रल:
भिंतीच्या आधी अर्थिंग. झिणझिण्या हे त्याचंही लक्षण असू शकतं.

टीव्ही आणि कन्सोलच्या पॉवर सप्लायमध्ये फिल्टरचे छोटे कपॅसिटर असतात. अर्थ नसलेल्या दोन पिनी वायरवर त्यांच्यामुळे धातूच्या भागांवर साधारण निम्मं, म्हणजे शंभर-सव्वाशे व्होल्ट तरंगत राहतं. करंट अगदी किरकोळ, माणसाला धोका नाही. पण डिशची वायर टीव्हीला लागलेली असली तर दोन उपकरणांच्या पातळीत फरक पडतो आणि एचडीएमआय जोडताना तो नेमका त्या बारीक पिनांतून जातो. एचडीएमआय पोर्ट बरेचदा असेच मरतात. दोन्हींचे प्लग बोर्डातून काढूनच वायर लावा, नुसतं बटण बंद करून नव्हे.

मल्टिमीटर एसी ७५० वर ठेवून तीन मापं घ्या आणि इथे द्या: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. घरात गीझर किंवा इस्त्री चालू असताना घ्या, रिकाम्या लाइनवर सगळंच चांगलं दिसतं. जमत नसेल तर वायरमनकडून करून घ्या.

पडवीवाला:
सलग जागा साडेपाच फूट आहे, म्हणजे मधली भिंत चालेल. मापं वायरमनने घेतली: फेज-न्यूट्रल २२८, फेज-अर्थ १४०, न्यूट्रल-अर्थ ८७. तो म्हणतो बोर्डातच न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात तुकडा जोडून देतो, सगळं सरळ दिसेल.

फेज_न्यूट्रल:
तो तुकडा कोणत्याही परिस्थितीत नको! मीटरवर आकडे सरळ दिसतील, पण वादळात खांबावरची न्यूट्रल तुटली तर तीन पिनी प्लगच्या प्रत्येक वस्तूच्या पत्र्यात फेज उतरेल. फ्रिजला हात लावणारा संपला.

तुमची अर्थ वायर कुठेतरी तुटलेली आहे किंवा खड्डा कोरडा पडलाय. न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत यायला हवं. आधी बोर्डापासून खड्ड्यापर्यंत वायरची सलगता तपासा, बहुतेकदा खड्ड्याजवळचा नटबोल्ट गंजून सुटलेला असतो. तो ठीक असेल तर नवा खड्डा. जांभ्याची जमीन उन्हाळ्यात वीज नीट वाहून नेत नाही, म्हणून तीन मीटर खोली हवी. कोळसा-मिठाचा खड्डा आपल्याकडे फार टिकत नाही. मीठ पावसात वाहून जातं, आणि जाता जाता जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप खाऊन जातं. तांब्याचा मुलामा दिलेला रॉड आणि त्याभोवती बेंटोनाइटचं (ओल धरून ठेवणाऱ्या मातीचं) मिश्रण टाका. जागा मोरीच्या किंवा परसातल्या नळाच्या सांडपाण्याजवळ निवडा, वेगळं पाणी घालत बसावं लागत नाही.

मग मेनला ३० मिलिअँपचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) आणि टाइप २ एसपीडी (अचानक उसळलेलं व्होल्टेज अर्थमध्ये सोडणारं उपकरण). एसपीडीपासून अर्थ पट्टीपर्यंतची वायर अर्ध्या मीटरच्या आत. स्पाइक गार्डच्या भरवशावर राहू नका, अर्थ नसेल तर तो निव्वळ एक्स्टेंशन बोर्ड आहे. आणि वळवाच्या, तसंच परतीच्या पावसात गडगडायला लागलं की टीव्ही, कन्सोल, राउटर यांचे प्लग आणि डिशची वायर काढून ठेवा. बटण फक्त फेज तोडतं, तेही काही मिलिमीटरनी.

इन्व्हर्टर पुरेसा आहे. मागे यूपीएस आणि नॉर्मल असं बटण असेल ते यूपीएसवर ठेवा, बदल इतका पटकन होतो की कन्सोल बंद पडत नाही. तोटा एकच: व्होल्टेज १८० च्या खाली गेलं की तो लगेच बॅटरीवर जातो. कन्सोल १००, टीव्ही ८०, राउटर १२, म्हणजे १९० वॅट धरा. बॅटरी निम्मी उतरेपर्यंत तीन तास मिळतील. वर दोन पंखे चालू असतील तर दोनाच्या आतच आटपा.

सुतारपक्षी:
साधा प्लाय आणि तोही पडवीत? दोन पावसाळ्यांत थर सुटतील. शिक्का बघून घ्या: आयएस ७१० म्हणजे मरीन, आयएस ३०३ म्हणजे साधा. कापलेल्या कडांनाच पाणी आधी लागतं, म्हणून कडा रंगवल्याशिवाय पट्टी चिकटवू देऊ नका. स्क्रू आणि बिजागऱ्या स्टेनलेस ३०४ च्या. काळे ड्रायवॉल स्क्रू पहिल्याच श्रावणात गंजाचे ओघळ सोडतात.

बंद काचेचं कपाट नको. स्लिम बाजूंनी हवा घेतं आणि मागून गरम हवा टाकतं. बंद खणात तीच गरम हवा परत आत जाते, पंखा घोंघावतो. खण मागून पूर्ण उघडा ठेवा, दोन्ही बाजूंना १० सेंटिमीटर, मागे १५. पालीसाठी उघड्या बाजूला ३ मिमी भोकांची स्टीलची जाळी. नायलॉनची मच्छरदाणी लावू नका, आठवड्यात धुळीने बुजते. कपाटाला पाय नकोत, जमिनीपासून दोन फूट वर भिंतीलाच टांगा. वाळवी आणि फरशी धुतानाचं पाणी, दोन्ही टळतात.

सिलिका जेल उघड्या खणात ठेवणं म्हणजे पैसे पाण्यात, दोन दिवसांत ते भरून जातं. ते घट्ट झाकणाच्या डब्यात, कंट्रोलर आणि डिस्क यांच्यासोबत ठेवा. रंग बदलला की १२० अंशांवर दीड तास तापवायचं, पुन्हा कामाला तयार. कन्सोलला मात्र पावसाळ्यात एकच औषध: रोज अर्धा तास चालू. पोरांना हे सांगू नका.

जॉयस्टिक:
स्टोरेज तपासणं हे अचानक बंद पडल्याचं लक्षण. आधी सेव्ह डेटा पेनड्राइव्हवर काढून घ्या. मग कन्सोल पूर्ण बंद करून पॉवरचं बटण दुसरा बीप येईपर्यंत, साधारण सात सेकंद, दाबून ठेवा. कंट्रोलर वायरने जोडा. सेफ मोडच्या यादीत पाचवा पर्याय रिबिल्ड डेटाबेस, त्याने गेम जात नाहीत. सहावा आणि सातवा पर्याय सगळं पुसतात, तिकडे बोट जाऊ देऊ नका.

वरचेवर होत असेल तर आतली फिरती हार्ड डिस्क काढून २.५ इंची साटा एसएसडी घाला. मागच्या कोपऱ्यातलं झाकण सरकवलं की एकच स्क्रू, ट्रे बाहेर येतो, त्याला चार स्क्रू. नव्या डिस्कसाठी पूर्ण सिस्टिमची फाइल लागते, ती सुमारे १ जीबीची. छोटी अपडेट फाइल घेतली तर कन्सोल ती नाकारतं, बहुतेक जण इथेच अडकतात. पेनड्राइव्ह एफएटी३२ किंवा एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेला हवा.

वेळेचं बंधन: धाकट्याचं खातं खऱ्या जन्मतारखेने, तुमच्या खात्याखाली काढा. फॅमिली मॅनेजमेंटमध्ये रोजचा एक तास टाका, आणि वेळ संपल्यावर काय करायचं तिथे नुसती सूचना न ठेवता लॉग आउट निवडा. एवढ्यावर थांबलात तर थोरला दहा मिनिटांत पळवाट काढेल. सिस्टिमच्या निर्बंधांचा मूळ पासकोड ०००० असतो, तो बदला. नवा युजर आणि गेस्ट लॉगिन बंद करा, आणि तुमच्या स्वतःच्या प्रोफाइललाही पासकोड लावा.

वायफाय चिऱ्यातून पार पडताना मरतं, ५ गिगाहर्ट्झचं तर फारच. मधल्याच भिंतीतून नेटची कॅट ६ वायर घाला, पूर्ण तांब्याची. ४० एमबीपीएसच्या लाइनवर ५० जीबीचा गेम उतरायला पावणेतीन तास लागतात, वायफाय अडखळलं की रात्र जाते.

पडवीवाला:
सर्वांचे आभार. अर्थिंगचा खड्डा या आठवड्यात, मग फळी, कपाट शेवटी. टीव्ही आता गजांसमोर येतो, दुपारी पश्चिमेचं ऊन पडद्यावर पडेल, त्याला चटईचा पडदा करतो. एकच राहिलं: अर्थची वायर बाहेरच्या भिंतीतून न्यायची आहे. त्या भोकातून झड आत येणार नाही ना?

चिरेखाण:
भोक आतून बाहेर उतरतं पाडा, फूटभर जाडीला अर्धा इंच उतार पुरे. आत पीव्हीसी पाइपचा तुकडा घाला, बाहेर इंचभर पुढे काढा. वायर पाइपातून निघाल्यावर आधी वीतभर खाली झोल देऊन मग वळवा, म्हणजे तिच्यावरून येणारं पाणी झोलाच्या तळाशी गळतं. पाइपाभोवतीची फट सिमेंटने भरा, पाइपाचं तोंड सिलिकॉनने. सिलिकॉन कोरड्या दगडावरच धरतं, पाऊस सुरू झाल्यावर लावू नका.